दोन सूत

इलियासभाईच्या दुकानात, अंबाजोगाईच्या मंडी बाजारात,
खोक्यातून निघालं सातशे साठ मिलिमीटरचं हँडल.
काळं, मधे जाड, टोकांकडं निमुळतं,
आठ अंश मागं कललेलं,
जसं कुणी "या" म्हणतं
पण कोपरं अंगाशीच ठेवतं.
"आता समदे रुंदच घ्यायलेत, ताई.
पुण्याचे पोरं तर आठशे म्हणतात."

म्हणू देत.
पुण्याच्या पोरांना बुट्टेनाथच्या उतारावरच्या
त्या दोन बाभळी माहीत नाहीत.
पौषात तिथं माझ्या करंगळीचं कातडं राहिलं.
पंधरा दिवस फळ्यावर खडू तिरका धरला;
सातवी ब नं विचारलं नाही,
पण कुणीतरी डस्टरजवळ बँडेजची पट्टी ठेवून गेलं.

रविवारी सुतळी घेऊन गेले.
एका खोडाला टोक, दुसऱ्याला गाठ.
घरी पट्टीवर धरली : अठ्ठ्याहत्तर सेंटीमीटर.
म्हणजे सातशे साठ गेलं तर
दोन्हीकडं एकेक बोट उरणार,
आणि बाभळीचा काटा बोटाहून लांब.

स्टेमचं भांडण वेगळंच.
सायकलीसोबत आला तो नव्वदचा :
उतारावर हनुवटी चाकाच्या पुढं जायची,
विहिरीत वाकून पाहिल्यासारखी.
इलियासभाईनं पन्नासचा लावून दिला, उसना.
उतार गोड झाला.
पण चढावर, मुरुम सुटतो त्या वळणावर,
पुढचं चाक वेसण न घातलेल्या गोऱ्ह्यासारखं
वर, डावीकडं, परत वर.
शेवटी उतरले, ढकलत नेली.
एक शेळीवाली बाई म्हणाली, "पंक्चर झाली का गं?"
मी हो म्हणाले.

अण्णांनी सुतारकी सोडून अकरा वर्षं झाली.
ओट्यावर बसून ते दोन्ही स्टेम
खारका निवडाव्या तसे हातात फिरवत होते.
"हे काय, रुमणंच की."
मग म्हणाले,
"रुमणं बेंबीच्या वर गेलं की माणूस तिफणीला लोंबकळतो.
खाली गेलं की तिफण माणसाला.
गिऱ्हाईक अनवाणी उभं केल्याबिगर
मी कधी रंधा लावला नाही."

मला अनवाणी उभं केलं.
"डोळे मीट. भिंत ढकल."
बेचाळीस वर्षांची मी, मुख्याध्यापिका होता होता राहिलेली,
गोठ्याची भिंत ढकलत उभी.
तळहात आपसूक जिथं पडले
तिथं त्यांनी खडूनं खुणा केल्या,
घडीची पट्टी उलगडली.
"अठ्ठावीस इंच, दोन सूत."
मी मनात पंचवीस पूर्णांक चारनं गुणलं :
सातशे सतरा आणि वर थोडं.
सातशे वीस कापायचं ठरवलं.
वरचे दोन-तीन मिलिमीटर माझ्या हट्टाचे.

इलियासभाई कार्बनचंही दाखवत होता,
हातात घेतलं तर कणसाच्या बुरकुंडाएवढं हलकं.
पण ते वाकत नाही, न सांगता तुटतं म्हणे.
आमच्या घरात न सांगता तुटणारे पुष्कळ झाले.
अॅल्युमिनियमच बरं.

स्टेम सत्तरचा घेतला.
नव्वदनं विहीर दाखवली, पन्नासनं गोऱ्हा,
सत्तरवर हात जरा वाकलेले राहतात,
पाट्या उचलून झाल्यावर राहतात तसे.

कापायला करवत अण्णांचीच.
"कापलेलं परत उगवत नाही," म्हणत
त्यांनी खूण तीनदा पाहिली, चष्मा पुसून चौथ्यांदा.
दोन्ही टोकांचे दोन-दोन सेंटिमीटर.
चुरा माझ्या पावलांवर पडला, चंदेरी, गरम.
पुढचे चार बोल्ट आडवे-तिडवे आवळले, थोडे थोडे,
खाटेची नवार ओढतात तसे;
किती, ते पान्यावरचा काटा सांगत होता
आणि अण्णा त्याच्याआधी सांगत होते.

संध्याकाळी ओट्यावर ठकठक ऐकू आली.
जुन्या पटाशीची मूठ फुटत चालली होती.
कापलेलं एक कडं घासून
त्यांनी तिच्यावर शेंबी म्हणून ठोकलं होतं.
"बसली," एवढंच म्हणाले.
लाकूड आता कुठं कापणार, ते मी विचारलं नाही.

दुसरं कडं माझ्या दप्तरात आहे,
खडूच्या डबीत.
बाभळींकडं अजून गेले नाही.